सहा महिने गरम, सहा महिने गार

६ नोव्हेंबर

साडूसाहेब,

नमस्कार. नमस्काराच्या पाठीला लागून एक तक्रारही आली आहे. तिलाही आत घ्या, बाहेर थंडी आहे.

गेल्या आठवड्यात अर्ध्या वाटेवरच्या पेट्रोलपंपावर तुम्ही किल्ली माझ्या हातात ठेवलीत, तेव्हा इंजिन तापलेलं होतं आणि कसं लयीत बोलत होतं! घाट चढून घरी आलो, थोरलीने, आमच्या सौभाग्यवतीने, फाटक उघडलं, आणि सासऱ्यांची ती काळी, गोल पाठीची जुनी गाडी सहा महिन्यांसाठी पुन्हा आमची झाली. मी बॉनेटवर हात ठेवून शाळेत शिकवलेली एक कविता म्हणायला लागलो. थोरली म्हणाली, "आधी तिच्यावर ताडपत्री घाला, मग मला चहा करून द्या, मग कविता."

काल सकाळी काचेवर हिमाची साय धरली होती. चोक ओढला, किल्ली फिरवली. सुरू झाली, खोकली, बंद पडली. पुन्हा सुरू झाली, शिंकली, बंद पडली. अर्धा तास हेच. चार सिलिंडर म्हणजे चार चरण असं मी मानतो. पहिले दोन ठीक, तिसऱ्यात यतिभंग, आणि चौथ्यात कवीच सभेतून उठून गेलेला. मागच्या हिवाळ्यात हीच बाई पहिल्या हाकेला ओ देत होती.

छत्तीस वर्षं वर्गावर काढल्यामुळे समोरच्याला माहीत असलेलंही समजावून सांगायची मला खोड आहे, तेव्हा सोसा. कार्ब्युरेटर पेट्रोलचा फवारा करतो. तो फवारा एका बिडाच्या नळीतून चारही सिलिंडरांना वाटला जातो. या नळीला तुम्ही लोक इनटेक मॅनिफोल्ड म्हणता. नळी गार असली की फवारा तिच्या भिंतींना चिकटतो, त्याचे थेंब होतात, आणि इंजिनाला श्वासाऐवजी घोट मिळतो. मग ते ठसकणारच. म्हणून जुन्या कारागिरांनी धुराची तापलेली नळी हिच्या पोटाखालून नेली आणि दोघींच्या मध्ये एक खिडकी ठेवली. खालचा गरम धूर खिडकीतून वरच्या नळीचं पोट शेकतो. शेजारणी शेजारणीला विस्तव देतात, तसं. आपल्या गाडीत मला यंदा तो शेजारधर्म दिसत नाही. काल ती बंद पडली तेव्हा सुचलं ते असं:

थंड नळीत पेट्रोल
थेंब होऊन बसते,
गाडी निघता निघेना,
शेजारीण ती हसते.

मी संशय घेत नाही. तुम्ही काही केलंत का, एवढंच विचारतो. सासऱ्यांचा कागद तुम्हालाही पाठ असेल: "गाडी दोन्ही जावयांची, सहा-सहा महिने. या इंजिनाला चाळीस वर्षांत कोणी बोट लावलेलं नाही. जो लावील त्याचा हिस्सा दुसऱ्याला जाईल. निवाडा घरातली थोर बाई करील." थोर बाई म्हणजे आपल्या सासूबाई. वय शहाऐंशी, कान शाबूत, जीभ त्याहून शाबूत. सहा वर्षांपूर्वी चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा गारठ्याच्या गावातल्या मला हिवाळा आला आणि भट्टीच्या गावातल्या तुम्हाला उन्हाळा. बदलून घेऊ या असं दोघांपैकी कोणीच म्हटलं नाही, कारण आधी म्हणेल तो हरला असं आपण दोघांनीही मनात धरलं होतं. ते असो.

मला गाडी लागते ती शनिवारपुरती. डोंगरापलीकडच्या छोट्या शाळेत मी मुलांना कविता वाचून दाखवतो. तिकडे बस जात नाही आणि माझे गुडघे तर त्याहून जात नाहीत. काल शनिवार होता. बत्तीस मुलं वाट बघून घरी गेली.

तुमचा,
मास्तर

---

१४ नोव्हेंबर

मास्तर,

तक्रार मिळाली. नोंद घेतली. तथ्य आढळले नाही.

तीस वर्षं बॉयलर इन्स्पेक्टर म्हणून काढली. वाफ म्हणजे काय आणि थेंब म्हणजे काय हे मला पत्राने कळवायची गरज नव्हती, पण तुमचं अक्षर सुंदर असल्यामुळे वाचलं. धाकटीने मोठ्याने वाचून दाखवलं आणि शेजारणीच्या ओळीला हसली. त्या ओळीतला 'ती' अक्षरं भरून काढायला कोंबलाय, इतकं बॉयलरवाल्यालाही कळतं.

मी सहा महिन्यांत बॉनेट उघडलेलं नाही. तेल बघायला उघडलं असेल तेवढंच. गाडी खोकते याची कारणं: तुमच्या गावची हवा, तुमचा चोक ओढायचा भित्रा हात, आणि गाडी सुरू व्हायच्या आधी तिला कविता ऐकवायची तुमची सवय. चोक पूर्ण ओढा, पाच मिनिटं तसाच ठेवा, आणि त्या वेळात तोंड मिटून बसा.

शिवाय तुम्ही म्हणता ती शेकोटी त्या इंजिनात कधी नव्हतीच. सासऱ्यांचं इंजिन गार नळीचं होतं. गार हवा दाट असते, सिलिंडरमध्ये जास्त मावते, म्हणून गाडी चढाला जोर करते. सासरे माझ्यासमोर तो मोठा पूल तिसऱ्या गियरमध्ये चढून गेले होते. भर मे महिन्यात. शेकलेल्या नळीच्या गाडीने तिथे जीभ बाहेर काढली असती.

एक सूचना. त्या दोन नळ्यांचे मॅनिफोल्ड जोडणारे चारही नट गंजून घट्ट बसलेत. उगाच खोलायला जाऊ नका. पाना घसरून बोटं सोलून निघतील.

थोरल्या वहिनींना नमस्कार.

आपला,
साडू

---

२७ नोव्हेंबर

साडूसाहेब,

बॉनेट न उघडलेल्या माणसाला नट गंजलेत हे कसं कळलं, या एका प्रश्नावर मी दोन दिवस झुलत होतो. मला लहानपणीही कोड्यांपेक्षा कोडी घालणाऱ्याचा चेहरा बघायला जास्त आवडायचं.

शेवटी रविवारी सकाळी थोरली म्हणाली, "नुसते झुलता काय, उघडून बघू या." तिने पदर खोचला आणि हात पुढे केला.

"पाना द्या."

"कुठला?"

"अर्ध्या इंचाचा."

"यातला अर्ध्या इंचाचा कुठला?"

"ज्यावर अर्धा लिहिलंय तो. शाळेत वाचायलाच शिकवत होतात ना?"

नट गंजलेले नव्हते. त्यांना छान ग्रीस लावलेलं होतं. चारही नट लोण्यातून सुरी फिरावी तसे सुटले. तिने मॅनिफोल्ड उचलून धरला, मी खाली वाकून बघितलं, आणि सांगतो साहेब, खिडकीला दार लावलेलं होतं! पोलादी पत्रा, चारी बाजूंनी नीट कापलेला, वर खाली गॅस्केट. धुराची ऊब त्याच्यावर डोकं आपटून परत जात होती. मी पत्रा रॉकेलने पुसला. त्यावर अक्षरं उमटली. अर्धी कापली गेलेली, पण वाचता येतात: "...माल दाब १५० पौं..."

आमच्या गाडीत बॉयलरच्या कमाल दाबाची पाटी कोणी ठेवावी बरं? मी एक-दोन नावं मनात आणली. एकच टिकलं.

पत्रा काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी अशी सुरू झाली की थोरलीने खिडकीतून टाळ्या वाजवल्या. शनिवारी शाळेत गेलो. चढावर ती चारही चरण म्हणत होती आणि मी पाचवा.

आता पुढचं. पत्रा माझ्या टेबलाच्या खणात आहे. सासूबाईंचा पत्ता मला तोंडपाठ आहे. तुम्ही स्वतःहूनच "मास्तर, गाडी बाराही महिने तुमच्याकडे शोभते" असं दोन ओळींत लिहून दिलंत, तर म्हाताऱ्या बाईला त्रास द्यायची वेळ येणार नाही. विचार करा. घाई नाही. रविवारपर्यंत उत्तर आलं तरी चालेल.

तुमचा,
मास्तर

---

५ डिसेंबर

मास्तर,

सोबत एक फोटो पाठवतो आहे. निगेटिव्ह माझ्याकडे आहे.

फोटोत दिसते ती तुम्ही म्हणता तीच खिडकी, मे महिन्यातली, पत्रा बसवायच्या आधीची. कडांकडे बघा. बिडाचं ओतकाम असं ओरखडे घेऊन जन्माला येत नाही. ते कानसीचे ओरखडे आहेत. खिडकी मुळापेक्षा दीडपट मोठी झालेली आहे. डावीकडची बाजू सरळ आहे, उजवीकडची कंटाळून तिरकी गेलेली आहे. म्हणजे कानस चालवणारा माणूस अर्ध्या कामात भलत्याच विचारात हरवला होता. मी एकदोन नावं मनात आणली. एकच टिकलं.

आता क्रम ऐका. गेल्या हिवाळ्यात तुम्हाला जास्त ऊब हवी झाली, तुम्ही खिडकी मोठी केलीत. मे महिन्यात ती गाडी माझ्याकडे आली. आमच्याकडे सावलीतसुद्धा लोखंडाला हात लावता येत नाही, आणि तुम्ही नळीखाली चूल पेटवून दिलेली. भर बाजारात गाडी थांबवली ती सुरूच होईना. झाकण काढलं तर कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल चहासारखं उकळत होतं. धाकटी पाऊण तास एका दुकानाच्या पायरीवर भाजीच्या पिशव्या घेऊन बसली. ती त्या पाऊण तासात जे बोलली ते टपालाने पाठवण्यासारखं नाही.

तेव्हा मी पत्रा बसवला. होय, बसवला. ऑक्टोबरात काढता आला असता. मुद्दाम ठेवला. मला तुम्ही दोन महिने तरी खोकायला हवे होतात. वहिनींनी तीन आठवड्यांत सोडवलं, याचं वाईट वाटतं.

कायदा असा आहे: माझा पत्रा काढला की गाडी जशीच्या तशी. तुम्ही घासलेलं बीड मात्र परत येत नाही. सासूबाईंचा पत्ता मलाही पाठ आहे.

आपला,
साडू

ता. क. रविवारपर्यंत उत्तर आलं तरी चालेल.

---

१९ डिसेंबर

साडूसाहेब,

फोटो मिळाला. मी तो आधी उलटा धरला होता, तेव्हा फार निरुपद्रवी वाटला.

आता तुमच्यापासून काय लपवायचं! गेल्या जानेवारीत एका शनिवारी शाळेत पोचायला मला उशीर झाला, आणि मुलं फाटकाशी कुडकुडत उभी होती. घरी येऊन शाळेच्या जुन्या सुतारकामाच्या पेटीतली कानस घेतली. एक-दोन हात मारावेत, जरा वाट रुंद करावी, इतकाच बेत. घासता घासता त्या आवाजाला ठेका आला. ठेक्यावर मला सहावीच्या पुस्तकातली एक कविता आठवली. ती अठरा कडव्यांची होती. आठवली तेवढी म्हटली, आणि भानावर आलो तेव्हा खिडकी अशी झालेली होती. आखूड कविता आठवली असती तर आज हा प्रसंग नसता.

थोरलीला सांगितलं नव्हतं. आता सांगितलं. तिने हातातलं काम खाली ठेवून माझ्याकडे बघितलं. तुम्ही लग्न केलेलं आहे, तुम्हाला ती नजर माहीत आहे.

तह करू या. गाडी तुमच्याकडे निघेल त्या दिवशी मी पत्रा बसवीन, माझ्याकडे निघेल त्या दिवशी तुम्ही काढाल. हिवाळ्यात ऊब, उन्हाळ्यात गारवा. पेट्रोलपंपावर आपण दोघंही एकमेकांकडे बघून सज्जनासारखं हसू. आणि थोर बाईच्या कानावर काही जायला नको.

धाकटीची पायरीवरच्या पाऊण तासाबद्दल माझ्यातर्फे क्षमा मागा. तिला चालेल अशी एखादी कविता करून पाठवतो.

तुमचा,
मास्तर

---

११ जानेवारी

मास्तर,

तह मान्य केला होता. कविता नको असं धाकटीने कळवायला सांगितलं होतं. तेवढ्यात काल सासूबाईंचं कार्ड आलं. तुम्हालाही आलं असेल. माझ्या कार्डावर मजकूर असा: "इंजिनाबद्दल काही ऐकते आहे. पंधरा फेब्रुवारीला उस्तादांना घाटावर पाठवते. ते मास्तरांच्या अंगणात सगळं खोलून बघतील. कागद माझ्या उशाशी आहे."

उस्ताद म्हणजे सासऱ्यांच्या गाडीचं सगळं बघायचे तेच गॅरेजवाले. हात थरथरतात, पण त्यांचं करंगळीचं टोक मायक्रोमीटरपेक्षा खरं सांगतं. त्यांना फसवता येणार नाही.

मी काही कळवलेलं नाही. तुम्ही कळवलंत?

आपला,
साडू

---

१७ जानेवारी

साडूसाहेब,

मी नाही कळवलं. शपथ घ्यायला सांगाल त्या पुस्तकावर हात ठेवीन. तुम्ही नाही म्हणता, मी तुमच्यावर विश्वास ठेवतो, आणि विश्वास ठेवता ठेवता पुन्हा तुमचाच चेहरा डोळ्यांसमोर येतो. काय करू?

पत्रा खणातच राहू दिला तर उस्तादांना दिसेल ती फक्त माझी कानस. पत्रा बसवला तर दिसतील तुमची पाटी आणि माझी कानस, दोन्ही. कसंही करा, माझी कानस दिसणारच. बिडाचा केलेला भुगा परत चिकटवता येत नाही.

काल गाडीत नुसताच जाऊन बसलो. लग्नानंतर पहिल्यांदा सासऱ्यांनी आम्हाला स्टेशनवर सोडलं, तेव्हा थोरली आणि मी मागच्या सीटवर दोन टोकांना बसलो होतो, मध्ये पेटी. सासरे आरशातून बघत होते, की ती पेटी जागेवर आहे ना. मला साठीपर्यंत गाडी चालवता येत नव्हती. ती थोरलीने शिकवली, याच गाडीवर. आयुष्यात मला हे एकच यंत्र कळलं, आणि तेही मी कानसून ठेवलं.

मी आता सासूबाईंना सगळं लिहून टाकावं म्हणतो. टांगती भीती बरी नव्हे.

तुमचा,
मास्तर

---

२४ जानेवारी

मास्तर,

सगळं लिहिणार म्हणता. म्हणजे माझ्या पाटीसकट. लिहा. तुमचा हक्क आहे.

मीही मला योग्य वाटेल ते करीन. निगेटिव्हचं काय करायचं ते ठरवलेलं आहे. यानंतर निवाडा होईपर्यंत पत्र लिहू नका. मीही लिहिणार नाही.

आपला,
साडू

---

२६ फेब्रुवारी

दोन्ही जावईबापूंना आशीर्वाद.

एकच पत्र शेजारच्या मुलाकडून कार्बन घालून दोनदा लिहून घेतलं आहे. वरची प्रत कोणाला आणि खालची कोणाला यावरून भांडू नका.

उस्ताद परत आले. त्यांनी खिडकीत करंगळी फिरवली आणि मला येऊन सांगितलं, "बाईसाहेब, तिला आता खिडकी म्हणू नका. दरवाजा झालाय." पत्रा मास्तरांच्या खणात मिळाला. थोरलीने काढून दिला. मला कळवलं कोणी म्हणून तुम्ही एकमेकांकडे डोळे वटारून बसलात म्हणे. अहो, तुमच्या बायका माझ्या मुली आहेत! एक मला सोमवारी लिहिते आणि एक गुरुवारी. मला नोव्हेंबरापासून सगळं माहीत आहे. पायरीवरच्या पाऊण तासात धाकटी काय बोलली, तेसुद्धा.

उस्तादांना पाठवलं ते इंजिन बघायला नव्हे. तुम्ही दोघं काय करता ते बघायला. आणि काय बघितलं? एकाच टपालाने दोन पत्रं. दोन्ही पाकिटं जाड.

मास्तर लिहितात: "पत्रा मीच बसवला. पाटी साहेबांकडून मी टेबलावरचे कागद उडू नयेत म्हणून मागून घेतली होती. कानसही माझी. साहेबांचा काही दोष नाही. गाडी त्यांना द्यावी. मुलांना मी टपालाने कविता पाठवीन."

साहेब लिहितात: "पत्रा माझा आणि कानसही माझीच. मास्तरांना कानस आणि खवणी यांतला फरक कळत नाही. पुरावा म्हणून काही फोटो होता, तो आता नाही. गाडी मास्तरांकडे राहू द्यावी. ती बारा महिने माझ्याकडे आली तर मी संशय कुणाचा घेऊ?"

म्हणजे एकाने भर हिमात स्वतःची गाडी गार करून घेतली, आणि दुसऱ्याने भर उन्हात स्वतःच्या गाडीखालचा जाळ वाढवला! खोटं बोलायला माझी ना नाही. पण बोलताना निदान हवामान तरी बघावं.

आता तुम्हाला भांडायला सोयीचं असं एक सांगते. मूळ इंजिन गरम नळीचं की गार नळीचं? दोन्ही. थंडी पडली की मी पत्रा काढायची, ऊन चढलं की मी घालायची. तुमचे सासरे दुपारी जेवून घोरायला लागले की तासाभराचं काम. उस्तादांनी मला शिकवलं होतं. मोठा पूल तिसऱ्या गियरमध्ये चढला तो तुमच्या सासऱ्यांनी नव्हे, मी. ते नुसते चाक धरून बसले होते. दिवाणखान्यात आल्यागेल्याला सांगायचे, "माझ्या इंजिनाला कोणी बोट लावलेलं नाही." मी चहा देत उभी असायची आणि नखातलं ग्रीस पदराने पुसायची. त्यांना वाईट वाटलं असतं, म्हणून नाही सांगितलं. आणि खरं सांगू? मला त्यात मजा यायची.

ते थंडीत गेले, तेव्हा पत्रा बाहेर होता. म्हणून मास्तर बरोबर. उन्हाळ्यात गेले असते तर साहेब बरोबर. यात तुम्हा दोघांचं कर्तृत्व शून्य.

निवाडा. कागद तो कागद. दोघांनीही बोट लावलं, तेव्हा दोघांचाही हिस्सा दुसऱ्याला. मास्तरांचा हिवाळा साहेबांना, साहेबांचा उन्हाळा मास्तरांना. घाटावरचा उन्हाळा सुसह्य असतो, खालचा हिवाळाही सुसह्य असतो. उस्ताद त्या दरवाजात अर्धा पत्रा बसवून देतील, खिडकी मुळाएवढी होईल, आणि कोणाला काही खोलावं लागणार नाही. ही अक्कल चिठ्ठ्या टाकल्या त्याच दिवशी सुचायला हवी होती, पण आधी बोलेल तो हरेल ना!

हिवाळ्यातले शनिवार मास्तरांचे जातात, ते माझ्या ध्यानात आहे. शाळेच्या हेडमास्तरीणबाईंना कळवलं आहे. नोव्हेंबर ते एप्रिल मुलं मास्तरांच्या घरी येतील, चालत. पोरांचे गुडघे चांगले असतात.

कानसीबद्दल शिक्षा वेगळी. कानसलेला मॅनिफोल्ड तारेच्या ब्रशने घासून चकचकीत करायचा. कविता न म्हणता. थोरली लक्ष ठेवील.

तुमची,
सासूबाई

---

३ जून

साडूसाहेब,

थोर बाईपुढे आपण दोघंही नापास झालो, आणि तेही एकमेकांची कॉपी करून. तुम्ही तसलं पत्र लिहाल असं मला वाटलं नव्हतं. तुम्ही निगेटिव्हचं ठरवलंय म्हणालात, तेव्हा मी तर हिस्सा गेलाच असं धरून ताडपत्रीची घडीसुद्धा घातली होती.

बाकी ठीक. गाडी चालते. पहाटे चालते, दुपारी चालते, चढाला चालते, उताराला चालते. चोक अर्धा ओढला तरी चालते आणि विसरला तरी. चारही चरण निर्दोष. वर्गात काही मुलं अशी असायची, सगळं बरोबर करणारी. त्यांच्या वह्यांवर लिहायला मला कधी काही सुचायचं नाही.

तक्रार काही नाही. त्यामुळे पत्र आखूड झालं आहे.

तुमचा,
मास्तर

---

२१ नोव्हेंबर

मास्तर,

गाडी माझ्याकडे येऊन वीस दिवस झाले. रोज सकाळी पहिल्या किल्लीला सुरू होते. काल झाली. परवा झाली. आज मी मुद्दाम चोक न ओढता बघितलं, तरी झाली. धाकटी रोज बाजारात जाऊन वेळेवर परत येते आणि मला म्हणते, "काय हो, उदास का बसलात?"

पाच महिन्यांत तुमची तीन पत्रं आली. तिन्हींत नुसतं हवापाणी. एकातही आंब्याच्या लोणच्याइतकीसुद्धा चव नव्हती. मी दोन उत्तरं लिहायला बसलो. "कळावे" याच्या वर लिहायला काही मिळेना.

सबब, आज सकाळी अंगणात चादर पसरली आहे आणि कार्ब्युरेटर खोलला आहे. पितळी जेट बाहेर काढलं आहे, सुई बाहेर काढली आहे, एक वॉशर सध्या सापडत नाही. धाकटीला सांगितलंय की धूळ पुसतो आहे. सोमवार आज नाही आणि गुरुवारही नाही, तेव्हा थोर बाईपर्यंत जायला थोडा अवकाश आहे.

तुम्ही विचारलंत तर मी कशालाच हात लावलेला नाही.

लवकर विचारा.

आपला,
साडू